कढईतले सप्तर्षी

बन्सीकाकांच्या हातात कोणताही कागद दिला की ते आधी तो पालथा करत. मग उजेडाकडे धरून मागच्या बाजूने बघत. लग्नाची पत्रिका असो की विजेचं बिल, सरळ बाजूने वाचायची पाळी नंतर यायची. नव्या माणसाला वाटावं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय. बिनसलेलं काही नव्हतं. त्यांनी सारा जन्म डाय कोरल्या होत्या आणि डाय कोरणाऱ्याला जग उलटंच बघावं लागतं.

डाय म्हणजे पोलादाच्या ठोकळ्यात कोरलेला दागिन्याचा साचा. त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून दाब दिला की कोरलेलं पान किंवा मोर पत्र्यावर उठतो. साच्यात जे खोल ते दागिन्यावर उंच, साच्यात जे डावीकडे ते दागिन्यावर उजवीकडे. आमच्या तारापूर-चिंचणीच्या पट्ट्यात एकेकाळी गल्लोगल्ली हे काम चालायचं. ओटीवर बसायचं, डोळ्याला भिंग लावायचं, व्यापाऱ्याने दिलेलं चित्र पातळ कागदावर उतरवायचं आणि तो कागद पोलादावर पालथा चिकटवून कोरायला लागायचं. काकांचे मोर कुठल्या कुठल्या बायकांच्या गळ्यात गेले. काकांनी ते सरळ तोंडाचे मोर क्वचितच पाहिले असतील.

मग कॉम्प्युटरवर चित्र काढून मशीनने पोलाद कोरायची सोय झाली. व्यापारी काही वाईट नव्हते. त्यांनी थोडं थोडं काम देत ठेवलं, मग त्यांचे फोन यायचे थांबले. काका ओटीवर बसायचे ते बसायचेच, फक्त समोर ठोकळा नसायचा.

मी त्यांचा शेजारी. बोईसरच्या रस्त्यावरच्या एका हायस्कुलात मराठी शिकवतो. गावात मला मास्तर म्हणतात, शाळेत सर म्हणतात आणि घरी काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. साखरबाई, म्हणजे काकांची बायको, एकदा कुंपणापाशी येऊन मला म्हणाली, "मास्तर, त्याना कायतरी काम काडून द्या. पैशाचं नको. नुसतं काम."

"झालं काय?"

"रोज सकाळी उटून माज्यापुढं बसतात न घोकतात. लग्नाची तारीख, सुजितची जन्मतारीख, शेजारपाजारच्यांची नावं. सगळं बरोबर सांगतात. मंग इचारतात, बरोबर हाय ना गो?" तिने पदराने तोंड पुसलं. "भिकादादांसारकं व्हईल म्हून भ्यालेत."

भिकादादा हे काकांचे थोरले भाऊ. तेही डाय कोरायचे. शेवटची काही वर्षं त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर बसून ते 'मला घरी न्या' म्हणायचे आणि काका त्यांना हाताला धरून अंगणात एक चक्कर मारून परत आणायचे. 'आलं हां घर' असं सांगितलं की ते घटकाभर गप्प बसायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यामुळे साखरबाईला मी एवढंच म्हटलं, "काम बघतो."

काम मिळालं ते दीपिका मॅडममुळे. मॅडम आमच्या विज्ञानाच्या शिक्षिका. मूळच्या धुळ्याकडच्या, नवरा बोईसरच्या कारखान्यात, म्हणून इकडे आलेल्या. शाळेच्या पुस्तकात आकाशाचे पाठ शेवटी असतात आणि शेवटच्या पाठांना वेळ कधीच उरत नाही, ते 'घरी वाचा' या सदरात जातात. मॅडमना हे मान्य नव्हतं. त्या आकाश आधी शिकवायच्या आणि उरलेला अभ्यासक्रम घाईघाईत. मुख्याध्यापकांच्या कपाळावर त्यामुळे कायमची एक आठी होती.

एकदा त्यांनी व्हरांड्यात एक नारळ ठेवला. म्हणाल्या, हा सूर्य. दुसऱ्या टोकाला एक मोहरीचा दाणा ठेवला. ही आपली पृथ्वी, हिच्यात तारापूर, बोईसर, पालघर, मुंबई आणि उरलेलं सगळं. मी आपला माझ्या तासाला निघालो होतो, पण पाय अडखळला, कारण तो दाणा मी तुडवणार होतो. मॅडमनी मुलांना विचारलं, सूर्य हाही एक तारा. मग याच मापाने सगळ्यात जवळचा दुसरा तारा, म्हणजे दुसरा नारळ, कुठे ठेवायचा? कोणी म्हणालं फाटकापाशी, कोणी म्हणालं बेटेगावला. एका शहाण्याने कोळगाव सांगितलं, कारण जिल्ह्याच्या सगळ्या कचेऱ्या तिथेच असतात.

"तारापूरच्या किनाऱ्यावर उभं राहायचं," मॅडम म्हणाल्या, "समोरचा समुद्र ओलांडायचा आणि आफ्रिकेत नारळ ठेवायचा."

"न मदी?" स्वराने विचारलं. स्वरा नववीतली. तिचं घर डोंगराकडच्या पाड्यावर. आईबाप तुकडाभर जमीन कसतात आणि ती शाळेच्या वसतिगृहात राहते. तिचे प्रश्न छोटे असायचे आणि उत्तरं द्यायला जड जायची.

"मधे जवळजवळ काहीच नाही."

मुलांच्या माना समुद्राच्या दिशेला वळल्या. मला विज्ञानाचं काही कळत नाही, पण एवढा चांगला पूर्णविराम मी माझ्या तासाला कधी आणू शकलेलो नाही.

पुढे त्यांनी सांगितलं की असे अब्जावधी तारे मिळून आपली आकाशगंगा होते, अशा अगणित आकाशगंगा आहेत आणि त्या एकमेकींपासून लांब लांब जात आहेत, विश्व पसरतंय. तारापूर ते बोईसर हे अंतरही दरवर्षी वाढतं, पण त्याचं कारण खड्डे. मुलांना मात्र काळजी पडली. मग आपणही एकमेकांपासून लांब जाणार का? मॅडम म्हणाल्या, नाही, जे गुरुत्वाकर्षणाने एकमेकांना धरून असतं ते एकत्रच राहतं. मुलांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि डबे उघडले.

विज्ञान दिनाला मुलांना तारांगण दाखवावं, असं मॅडमच्या मनात होतं. मुंबईची सहल मुख्याध्यापकांनी 'पुढच्या वर्षी'वर टाकली. ही पुढची वर्षं मी नोकरीला लागल्यापासून ऐकतोय. तेव्हा मॅडमनी ठरवलं की तारांगण शाळेतच करायचं. बांबूच्या कामट्यांचा घुमट, आतून पांढऱ्या चादरी, वरून काळी ताडपत्री. मध्ये गोल बुडाची अ‍ॅल्युमिनियमची मोठी कढई पालथी ठेवायची, आत बारका दिवा आणि कढईला ताऱ्यांच्या जागी भोकं. दिवा लागला की भोकांतून कवडसे चादरींवर पडतील आणि आकाश उमटेल. फक्त भोकं पाडणारा हात हवा होता. तेजस्वी ताऱ्याला मोठं भोक, मंद ताऱ्याला बारीक, आणि एकही जागा सोडून नाही.

मी म्हटलं, "हात माझ्या शेजारच्या ओटीवर बसलाय. भिंतीकडे बघत."

काकांनी आधी नाही म्हटलं. मग कढईवर बोटाची टिचकी मारली आणि आवाज ऐकला. मग साखरबाईला म्हणाले, "पेटी काड." साखरबाई इतक्या लगबगीने आत गेली की उंबऱ्याला तिची वहाण अडकली.

त्यानंतरचे दिवस माझ्या आठवणीत फार चांगले आहेत. शाळा सुटली की मॅडम ओटीवर येऊन बसायच्या. त्यांनी आकाशाचा नकाशा पातळ कागदावर उतरवून आणला होता, मध्ये जोडलेल्या पाकळ्यांसारखा कापलेला, म्हणजे कढईच्या फुगीर बुडावर तो नीट बसावा. काकांनी तो चिकटवला, पत्र्याच्या तुकड्यांवर हात साफ करून घेतला आणि जुन्या छिन्न्या घासून ताऱ्यांची भोकं पाडायला नवे पंच बनवले. टुकटुक पुन्हा सुरू झाली. साखरबाई उगीचच चहा करायची. सकाळचं घोकणं बंद झालं, असं तिने मला कुंपणावरून हळूच सांगितलं.

"मोटा तारा म्हून मोटं भोक, असंच ना बाय?" काकांनी एकदा विचारलं.

"मोठा असेलच असं नाही, काका. जवळ असला तरी तेजस्वी दिसतो. बारीक दिसणारा खरा राक्षस असू शकतो, पण फार लांब."

"मंग बगणाऱ्याला कसं कळावं?"

"नुसतं बघून कळत नाही. मोजावं लागतं."

काकांना हे फार आवडलं. देवयानीच्या ठिकाणी ते अडले. मॅडम म्हणाल्या, हा तारा नाही, ही आपल्यासारखीच दुसरी आकाशगंगा आहे, साध्या डोळ्यांना धुरकट डाग दिसतो. तिथून आज पोचणारा प्रकाश निघाला, तेव्हा पृथ्वीवर आपल्यासारखा माणूस नव्हता. काकांनी पंच खाली ठेवला. त्यांना त्या वर्षांचं काही वाटत नव्हतं, पत्र्यावर धूर कसा ठोकायचा याची पंचाईत पडली होती. शेवटी त्यांनी सुईसारख्या पंचाने दाटीवाटीने टोचे मारले आणि तो तुकडा दिव्यासमोर धरला. खरंच धूर दिसला. त्या दिवशी त्यांनी दोनदा चहा मागून घेतला.

एक दिवस सहज म्हणावं तसं ते मला म्हणाले, "मास्तर, ह्यो आकाश बरोबर उतारला तर मी समजंन, डोकं जाग्यावर हाय." ते हसत म्हणाले होते, पण मला त्यांच्याकडे बघवलं नाही. तेव्हा मला कळलं की कढईवर ते नुसतं काम करत नाहीत, स्वतःची परीक्षा घेताहेत.

विज्ञान दिनाला काका पांढरा सदरा घालून आले. साखरबाईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पाहुण्यांची भाषणं झाली. एका पाहुण्याने विज्ञानाचं महत्त्व सांगितलं, दुसऱ्याने तेच पुन्हा सांगितलं. मग नववीची मुलं ताडपत्रीखाली शिरली. काका आणि साखरबाई कडेला खुर्च्यांवर, मी त्यांच्याजवळ उभा. मॅडमनी दिवा लावला.

चादरींवर आकाश उमटलं. एवढी दंगेखोर पोरं, पण सगळी तोंड उघडं टाकून वर बघत होती. साखरबाईने अंधारात काकांचा हात धरला, तो मला दिसला नाही, पण तिच्या बांगड्या वाजल्या. काका आपल्या कामाकडे मान वर करून बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा दागिना त्यांच्यासमोर घातला गेला होता.

आणि मग स्वराचा आवाज आला. "मॅडम, खाटलं उलटं हाय."

सप्तर्षींना तिच्या पाड्यावर खाटलं म्हणतात. चार तारे म्हणजे म्हातारीची खाट आणि मागचे तीन म्हणजे ती चोरायला आलेले चोर. उन्हाळ्यात अंगणात झोपणाऱ्या पोरांना ते खाटलं स्वतःच्या घरच्या खाटेइतकं ओळखीचं असतं. "चोर ह्या बाजूला नसतात," स्वरा म्हणाली. "त्या बाजूला असतात. सगळंच पलटी झालाय."

मॅडमना ते दिवा लावताक्षणीच दिसलं होतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

"बाय," काकांनी अंधारातून विचारलं, "पोर म्हनते त्ये खरं हाय?"

मॅडमना खोटं बोलता येत नाही. एरवी हा गुण आहे. त्या म्हणाल्या, "हो काका. पण चूक माझी आहे. मी..."

पुढचं ऐकायला काका थांबले नाहीत. ताडपत्री बाजूला सारून ते उन्हात बाहेर पडले, आणि साखरबाई त्यांच्यामागे.

झालं होतं ते असं. कढईवर बाहेरून भोकं पाडायची, आणि आकाश मात्र आतल्या माणसाला बघायचं, म्हणून नकाशा उलटा चिकटवावा लागतो. मॅडमना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी नकाशा आधीच उलटा काढून आणला. फक्त तसं सांगायचं राहिलं. आणि काकांनी जन्मभर जे केलं तेच केलं. कागद हातात घेतला आणि पालथा चिकटवला. दोघांनीही काळजीने उलटं केलं आणि दोन उलट्यांचं एक सुलट झालं, जे इथे नको होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, पण दोघांच्याही हातून गणपतीच घडला होता, ही त्यातली गंमत. त्या दिवशी मात्र कोणालाही हसू आलं नाही.

मॅडम त्याच संध्याकाळी हे सांगायला गेल्या. काकांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, "तू गुणाची हायस, बाय. समजूत काडतेस." एवढंच. दुसऱ्या दिवशी साखरबाई कुंपणापाशी आली. काकांनी हत्यारांची पेटी फडक्यात बांधून दाराशी ठेवली होती. त्यांचा मुलगा सुजित पालघरला राहतो. तो रविवारी आला की त्याच्या गाडीवरून ती बोईसरला भंगारात द्यायची, असं ठरलं होतं. सकाळचं घोकणं पुन्हा सुरू झालं होतं. "न आता बरोबर सांगितलं तरी त्यांचा इश्वास बसत नाय," ती म्हणाली. "म्हनतात, तू पन समजूत काडतेस. मास्तर, मी काय करू?"

शनिवारी शाळा लवकर सुटते. मी, मॅडम आणि स्वरा, तिघंही गेलो. स्वराला आणायचं माझ्या मनात नव्हतं, पण ती फाटकापाशी रडून लाल झालेल्या डोळ्यांनी उभी होती. मॅडमनी हातात कढई घेतली होती. पाकळ्यांचा कागद तिच्यावर अजून तसाच होता.

"काका, समजूत काढायला नाही आले," मॅडम म्हणाल्या. "हा कागद सोडवून तुमच्या अंगठ्याने बघा. मी कुठल्या बाजूने पेन्सिल ओढली ते."

काकांनी आधी मॅडमकडे आणि मग दाराशी ठेवलेल्या पेटीकडे पाहिलं. मग ओल्या फडक्याने कागद भिजवून एक पाकळी सोडवली. तिच्यावरून अंगठा फिरवला, पाकळी उलटली, पुन्हा फिरवला. पेन्सिलीचा दाब कुठल्या बाजूने पडलाय ते असल्या बोटांना सांगावं लागत नाही. त्यांनी पाकळी कढईवर पालथी ठेवून पाहिली, सरळ ठेवून पाहिली. साखरबाई दारात उभी होती. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"म्हंजे तू पन पलटी केलेलास."

"हो."

"न मी पन."

"हो काका. तुमचा हात बरोबरच चालला होता. मी सांगायला हवं होतं."

काका खाली बसले. डोळे पुसत ते साखरबाईला म्हणाले, "ऐकलास ना गो? हात बरोबर हाय." ती म्हणाली, "मी कदीची तेच सांगतंय," आणि आत निघून गेली. चुलीपाशी तिचं रडणं आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं आणि आम्ही सगळे ओटीवरच्या कढईकडे बघत राहिलो.

पण पेटी काही हलली नाही. काका म्हणाले, "असूंदे. झालं ना. कडई तर बाद झाली. ती पन भंगारात टाकू."

"बाद कशाला?" स्वरा म्हणाली. आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती. "पडद्याच्या पलीकडं गेल्यावर चित्र उलटं दिसतं. तशी खाटल्याच्या पलीकडं कोन गेला, तर त्याला असंच दिसंल ना?"

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. "जवळजवळ असंच," त्या म्हणाल्या. "अगदी असंच नाही, कारण ते सात तारे एका पडद्यावर नाहीत. मधले पाच साधारण सारख्या अंतरावर आहेत. त्यांचा प्रकाश निघाल्यापासून आपल्याकडे पोचायला ऐंशी वर्षं लागतात. टोकाचे दोन तर त्यांच्याही बरेच मागे आहेत. पलीकडून बघितलं तर खाट थोडी वाकडी दिसेल. पण उलटी दिसेल, हे खरं."

"ऐंशी," काका म्हणाले. "म्हंजे माजा जन्म नव्हता तवाचा उजेड."

"हो. आत्ता पोचतोय."

"न एका पत्र्यावर नाय त्ये?"

"पत्रा आपण केलाय, काका. खरं आकाश खोल आहे."

हा शब्द काकांना लागला असावा. खोली म्हणजे त्यांचा धंदाच. बाहेरची रेघ कोणीही ओढेल, मोराचा गळा किती आत न्यायचा आणि पंख किती वर ठेवायचे हे ज्याला कळतं तो कारागीर, असं ते नेहमी म्हणायचे. आणि हे एवढं मोठं आकाश ते महिनाभर सपाट समजून ठोकत होते. त्यांनी कढई मांडीवर घेतली आणि सप्तर्षींच्या भोकांवरून एकेक बोट फिरवलं, जणू कुठलं किती आत आहे ते चाचपत होते.

"तितून बगितलं," ते सावकाश म्हणाले, "तर आपला सूर्य कुटं?"

"त्या सातांच्या मागे. त्यांच्यामध्येच कुठेतरी."

"केवडा?"

"दिसणारच नाही, काका. सूर्य साधाच तारा आहे. एवढ्या लांबून साध्या डोळ्यांना दिसणार नाही."

मला हे ऐकून वाईट वाटलं. ज्याच्या उन्हात आमची वाळवणं पडतात, ज्याच्या भीतीने शाळा सकाळची होते, तो सूर्य ऐंशी वर्षांच्या वाटेवरून दिसतसुद्धा नाही. म्हातारं माणूस आधीच खचलेलं, आणि त्याला ही आणखी एक बातमी. मी मॅडमना डोळ्यांनी खुणावलं की पुरे आता. काका मात्र कढई उजेडाकडे धरून बघत होते.

"हाय, पन दिसत नाय," ते म्हणाले. "एवडा बारीक."

"हो."

"असा पंच माज्याकडं नाय." ते उठले, दाराशी गेले आणि पेटीच्या फडक्याची गाठ सोडायला लागले. गाठ घट्ट बसली होती. "करावा लागंल. गो, भिंग कुटं टाकलास?"

साखरबाई भिंग घेऊन आधीच दारात उभी होती.

रविवारी सुजित आला तेव्हा बाप ओटीवर बसून पोलादाची सुई तेलाच्या दगडावर घासत होता. "न्यायचीय ना पेटी?" त्याने विचारलं. काकांनी वर न बघता विचारलं, "कुटं?" सुजितने आईकडे पाहिलं. तिने मान हलवली आणि त्याला जेवायला वाढलं.

पुढच्या आठवड्यात नववीची मुलं पुन्हा ताडपत्रीखाली शिरली. मॅडमनी आधी सगळं सांगून टाकलं. नकाशा दोनदा कसा उलटला गेला, हे आकाश आपल्या अंगणातलं का नाही आणि कुठून बघितलं तर साधारण असं दिसेल. सरळ आकाशाची दुसरी कढई काकांनी करायला घेतली आहे, हेही सांगितलं. मग म्हणाल्या, "काकांनी यात आपला सूर्य टाकलाय. खाटल्याच्या मध्ये कुठेतरी. शोधा."

दिवा लागला. मुलांनी माना वर केल्या. चादरीजवळ जाऊन पाहिलं, डोळे बारीक केले, एकमेकांना ढकललं. एक म्हणाला सापडला, तर तो अरुंधतीचा तारा निघाला. स्वरा खाटेच्या बरोबर मध्ये उभी राहून टक लावून बघत होती. शेवटी तीही म्हणाली, "काका, नाय दिसत."

"कुनालाच नाय दिसत?" काकांनी विचारलं.

"नाय."

"मंग बरोबर पडलाय," काका म्हणाले, आणि हसले. मी शेजारी इतकी वर्षं राहतो, पण असं पोट धरून हसताना त्यांना पाहिलं नव्हतं.

मुलं बाहेर गेली. मॅडम त्यांच्यामागे गेल्या. साखरबाई मात्र खुर्चीतून उठली नाही. तिला काही पटलेलं नव्हतं.

"खरंच पाडलाय, का नुसतं सांगताय पोराना?"

काका कढईजवळ गेले. त्यांनी दिवा बाजूला केला, कढई उलटी करून तिच्यासमोर धरली आणि तिचा हात हातात घेतला. तिचं बोट कढईच्या आतल्या बाजूने, चार खुरांची खाट जिथे होती तिथून, हळूहळू सरकवत एका जागी आणून ठेवलं. बाहेरून पंच मारला की आत पत्र्याला बारीकशी धार उभी राहते. ती डोळ्यांना दिसत नाही.

"हा?" तिने विचारलं.

"हा. हितंच आपुन."

साखरबाईने बोट थोडं दाबलं. "टोचला," ती म्हणाली, आणि बोट तिथून काढलं नाही.